वाढत्या अंगाचं माप

१९९४ साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो. एकाहत्तर वर्षांत बेंगळुरात मी जेवढी माणसं पाहिली, आणि मी शिंपी असल्यामुळे नुसती पाहिली नाहीत तर छाती-कंबर धरून पाहिली, त्या सगळ्यांत आमच्या साडूंइतका सज्जन माणूस मला भेटला नाही. आणि डोक्याला ताप म्हणाल तर तोही साडूंइतका दुसऱ्या कुणी दिला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात त्यांनी तीस वर्षं काढली. कामगारांनी तासून आणलेला तुकडा मोजायचा, आणि केसभर इकडेतिकडे झाला की लाल रंगाचा ठिपका देऊन नापास करायचा, एवढंच काम. रिटायर झाल्यावर येलहंक्याला घर बांधलं, अंगणात नारळ लावला, पण ती लाल रंगाची डबी त्यांच्या डोक्यातनं काही गेली नाही. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी कायम. लग्नाला, बारशाला, मयताला, कुठंही.

हॉटेलात इडली आली की आधी पट्टी बाहेर. एकदा मॅजेस्टिकजवळच्या एका हॉटेलात त्यांनी मालकाला गल्ल्यावरनं उठवून आणलं. "मागच्या मंगळवारी इडली पावणेचार इंच होती. आज साडेतीन आहे." मालक हसून म्हणाला, "सार, स्वल्प अड्जस्ट माडि," म्हणजे जरा सांभाळून घ्या. साडू म्हणाले, "अड्जस्ट मी करतो. तुम्ही पाटीवर लिहा, आजपासून साडेतीन." त्या भल्या माणसानं हात टेकले आणि तिसरी इडली फुकट आणून ठेवली, तर ती यांनी खाल्ली नाही. "तिसरीचा प्रश्नच नव्हता," म्हणाले. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात भटजी मंगलाष्टकांच्या शेवटच्या ओळीवर आले, सगळ्यांनी अक्षतांची मूठ वर केली, आणि साडू ओरडले, "थांबा! अजून दोन मिनिटं आहेत. मी रेडिओला घड्याळ लावून आलोय!" भटजींनी बिचाऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. व्याह्यांकडची माणसं अजून विचारतात, तुमचे ते घड्याळवाले कसे आहेत. 'अंदाजे' हा शब्द त्यांना चालायचा नाही. घरात कुणी 'चवीपुरतं मीठ' म्हणालं की हे विचारणार, म्हणजे किती? त्यांची बायको, आमची धाकटी, माझ्या बायकोला म्हणायची, "अक्का, लोकांच्या नवऱ्यांबरोबर संसार असतो गं. माझी रोज परीक्षा."

माझा तर त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत अपमान केला. नवा साडू म्हणून मी हौसेनं पॉपलीनचा सदरा शिवून दिला. चार दिवसांनी सदरा घडी घालून परत आला. खिशात चिठ्ठी: डावी बाही पाव इंच कमी. खाली सही आणि तारीख. आता त्यांचा डावा खांदाच उतरता आहे, आणि ते ओळखूनच मी बाही तशी बेतली होती, हे सांगायला मी गेलो नाही. मी चौथीत दोनदा बसून शाळेला हात जोडलेला माणूस, पण आमच्या चिकपेटेत माझ्या कात्रीला नाव ठेवणारा जन्मायचा होता, तो साडू होऊन आला. त्या दिवसापासून मी त्यांना रुमालसुद्धा शिवून दिला नाही, आणि त्यांनीही मागितला नाही. बाकी येणंजाणं, हसणंखिदळणं सगळं होतं.

रिटायर झाल्यावर साडू लेखक झाले. कारखान्यातल्या बाद झालेल्या नकाशांच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं लिहायचे आणि जो सापडेल त्याला वाचून दाखवायचे. आमच्या समाजाच्या मासिकात त्यांचे लेख यायचे: येलहंक्याच्या बसच्या वेळा, लग्नपत्रिकांमधल्या चुका, देवळाच्या पायऱ्यांची उंची आणि म्हाताऱ्यांचे गुडघे. लोक हसायचे, पण वाचायचे. आणि एक सांगतो, हा माणूस नास्तिक नव्हता. दर मंगळवारी येलहंक्याहून बसनं आमच्या अंबाबाईच्या देवळात यायचा, कोपऱ्यात उभा राहून बेसूर आरती म्हणायचा, आणि शेवटच्या कडव्याला त्याच्या डोळ्यांतनं पाणी यायचं. प्रसादाला दोन्ही हातांची ओंजळ पुढं करायचा. एका हातानं प्रसाद घेताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

आता आमच्या देवीचं सांगायला पाहिजे. आमची आई वाढते. दरवर्षी सूतभर वाढते. इंचाचे आठ भाग करा, त्यातला एक म्हणजे सूत. हे आम्ही तोंडानं नाही म्हणत, आमच्याकडे वही होती. आईची नवरात्रातली चोळी आमच्या घराण्याकडे. देऊळ झालं तेव्हापासून पहिली अकरा वर्षं माझ्या वडिलांनी शिवली, पुढची सगळी मी. दरवर्षी चोळीचा घेर वहीत लिहायचा. पहिल्या वर्षी वीस इंच होता, तो वाढत वाढत सव्वीसावर गेला. घटस्थापनेला समाजाचे अध्यक्ष उभे राहून वही वाचायचे, "आई यंदा सूतभर वाढली!" की ढोल, की गुलाल, की मला मानाचा फेटा. हुबळीपासून सेलमपर्यंतचे आमचे लोक ते ऐकायला यायचे. बाया ओटी भरून मागणं मागायच्या, आई तू वाढतेस तसं माझं लेकरू वाढू दे. आणि पहिल्या रांगेत मी. चौथी नापास.

त्या वर्षी देवळाला पन्नास वर्षं झाली. स्मरणिका काढायची ठरली आणि देवळाचा इतिहास लिहायचं काम साडूंकडे आलं. ते माझ्या दुकानात आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "अण्णा, चोळीची वही मिळेल का?" मला काय वाटलं असेल! मी म्हटलं, "न्या की. पण वडिलांचं नाव आणि माझं नाव, दोन्ही छापायची." म्हणाले, "छापणारच. त्याशिवाय लेख पुरा होत नाही." स्मरणिका छापून आल्या त्या दिवशी मी वीस प्रती घेतल्या. न वाचता. मला वाचायला वेळ लागतो, अक्षर अक्षर जोडत जावं लागतं. आपलं नाव आहे ना, बस. प्रत्येक प्रतीबरोबर मैसूरपाकाची पुडी बांधून मी सगळ्या पेठेत वाटल्या. अध्यक्षांच्या घरी स्वतः जाऊन दिली.

संध्याकाळी दुकानात एक पुडी परत आली. अर्धा मैसूरपाक खाल्लेला. आणणारा माणूस म्हणाला, "अण्णा, ही तुमची मिठाई आणि हा तुमचा साडू," आणि स्मरणिका माझ्या मशीनवर आपटून गेला. मी चष्मा लावला. साडूंनी लिहिलं होतं: तीन वर्षं, नवरात्राच्या आधी, पुजाऱ्यांच्या परवानगीनं, स्नान करून, मी रेशमाच्या दोऱ्यानं आईच्या मूर्तीचं माप घेतलं. तिन्ही वर्षं छातीचा घेर एकोणीस इंच भरला. मूर्ती वाढलेली नाही. वाढली आहे ती चोळी. आणि मग माझं नाव. वडिलांचं नाव. दुकानाचा पत्तासुद्धा. पुढं मला वाचवेना. मी तसाच खुर्चीत बसून राहिलो. उरलेल्या पुड्याही एकेक करून परत यायला लागल्या. मी माझ्या हातानं, माझ्या पैशानं, तूप लावून, आमची बेअब्रू वाटली होती.

चार दिवसांत जे झालं ते मी बेंगळुरात कधी पाहिलं नव्हतं, आणि आमच्याच माणसांकडून पाहीन असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. साडूंच्या फाटकाला फाटक्या चपलांची माळ. दारावरच्या नावाला डांबर. धाकटीला हळदीकुंकवाला बोलावलं होतं त्या घरातनं निरोप, येऊ नका. फोनवर कोणी तरी शिव्या देऊन ठेवायचं, आणि साडू वेळ लिहून ठेवायचे. अध्यक्षांनी रविवारी संध्याकाळी सभा ठेवली. ठरलं असं, की साडूंनी आईपुढं नाक घासून लेख खोटा म्हणायचा, नाही तर देवळाची पायरी बंद. अध्यक्ष, मोठे रेशमाचे व्यापारी, आदल्या दिवशी स्वतः माझ्या दुकानात आले. "अण्णा, तुम्ही एवढंच सांगा, की मी दरवर्षी आईला टेप लावून माप घेतो. तुमचं माप खरं, दोरा खोटा. मग चोळी तुमची, फेटा तुमचा, काही बदलत नाही. सरी, ठीक?" मी म्हटलं, "सरी." का नाही म्हणणार? माझं माप खरंच होतं. पन्नास वर्षांची वही होती.

रविवारी सकाळी मी येलहंक्याला गेलो, भांडायला. साडू दारावरचं डांबर रॉकेलनं पुसत होते. मी आत पाय टाकायच्या आधीच सुरुवात केली.

"तुम्हाला माझाच गळा सापडला कापायला?"

"अण्णा, या. आधी पाणी घ्या."

"पाणी नको. वही दिली ती यासाठी? माझ्या वडिलांना खोटं ठरवलंत!"

"कुठं ठरवलं? आकडे तुमचेच आहेत. मी एकही बदललेला नाही." त्यांनी हात पुसले आणि कारखान्यात विचारत असतील तसं शांतपणे विचारलं, "आईला टेप कधी लावलीत?"

मी उसळलो. "आईला टेप? मेणकापडाची टेप, दिवसभर कुणाकुणाच्या बगलेतनं फिरणारी, ती देवीला लावायची? आमच्या घराण्यात हे चालत नाही!"

"मग माप कशावरनं घेता?"

"मागच्या वर्षीची चोळी उतरून येते, तिच्यावरनं."

"आणि?"

"आणि वर एक सूत. वडिलांची रीत."

"एक सूत कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? आई वाढते म्हणून!"

साडू माझ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो. नारळावर एक कावळा ओरडत होता. आणि मी जे बोललो ते माझ्याच कानांत परत आलं. मी पायरीवर बसलो. मला वडिलांचा आवाज आठवला. पहिल्या वर्षी ते म्हणाले होते, "पोरीबाळींचं कसं शिवतो आपण? वाढत्या अंगाचं. आईचंही तसंच शिवायचं." सूतभर जास्त. दरवर्षी. पुढं मी तेच करत गेलो आणि वहीत लिहीत गेलो, आणि लोक वाचत गेले. मूर्तीच्या पाठीमागे मी कधी गेलो नव्हतो, तो पुजाऱ्यांचा मान. साडूंनी सांगितलं, सहा-सात इंच कापड पाठीमागे दुमडून पिना लावलेल्या असतात. पुजाऱ्यांना वाटायचं, अण्णा म्हातारे झाले, सैल शिवतात, बोलायचं कसं.

धाकटी आतनं पाणी घेऊन आली. म्हणाली, "अण्णा, शेवटपर्यंत वाचलंत का?"

"माझं नाव आलं तिथंच थांबलो मी."

"सगळे तिथंच थांबले," ती म्हणाली, आणि तिनं उभ्या उभ्या शेवट वाचून दाखवला. तो मला पाठ आहे. 'मूर्तीचं माप मला घेता आलं. पण दगडाच्या देवीला वाढत्या मुलीसारखं कापड देणाऱ्या या बापलेकांच्या हाताचं माप घ्यायला माझ्याकडे पट्टी नाही. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच एक चूक पास करतो आहे.'

साडू खाली बघून म्हणाले, "मला वाटलं होतं, लोकांना आनंद होईल." एवढ्या हिशेबी माणसानं इतकं चुकीचं माप कसं घेतलं, मला अजून कळलेलं नाही. माझा राग गेला असं मात्र समजू नका. मी पाणी प्यालो आणि त्यांच्याशी एक शब्द न बोलता बस पकडली.

सभेला देवळाचं सभागृह भरलं होतं. साडू एकटेच पुढं उभे, खिशात पट्टी. अध्यक्ष म्हणाले, "माफी मागता का?" साडू म्हणाले, "माप चुकलं असेल तर मागतो. चला, आत्ता दोरा लावू." मागनं कुणी ओरडलं, "आईला मोजायला निघालाय! स्वतःच्या आईला मोजलं होतंस का रे?" हशा झाला, आणि तो हशा मला शिवीपेक्षा वाईट लागला. अध्यक्षांनी हात वर केला. "अण्णा सांगतील. अण्णा, तुम्ही आईचं माप टेपनं घेता की नाही?"

मी उठलो. फेटा कुणाला मिळतो, मला मिळतो. चोळी कुणाची, माझी. 'घेतो' एवढी दोन अक्षरं बोलायची होती. साडू माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते; आईकडे बघत होते. मी म्हटलं, "नाही. मी आईला कधी टेप लावली नाही. माझ्या वडिलांनीही नाही. आम्ही चोळीवरनं चोळी शिवतो आणि सूतभर वाढवतो."

 अध्यक्षांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मग पन्नास वर्षं आम्ही ढोल कशाचा वाजवला?"

मी म्हटलं, "माझ्या बापाच्या कात्रीचा. चांगली कात्री होती."

पुढचा गोंधळ सांगत नाही. चोळीचं काम त्याच क्षणी दुसऱ्याला दिलं. साडूंना पायरी बंद. मग नेहमीप्रमाणे आरती झाली, प्रसादाच्या कोसंबरीची, म्हणजे डाळीच्या कोशिंबिरीची, बादली निघाली. वाढणारा रांगेनं येत होता. माझ्याजवळ आला आणि मला टाळून पुढं गेला. ठीक, मी हात खाली घेतला. साडूंनी मात्र नेहमीसारखी दोन्ही हातांची ओंजळ पुढं केलेली. त्यांनाही टाळून तो गेला, आणि यांच्या ते लक्षातच आलं नाही. बादली रिकामी होऊन आत गेली तरी हा माणूस ओंजळ धरून उभा. चपलांची माळ बघून, डांबर बघून मला धक्का बसला होता, पण ती रिकामी ओंजळ मला बघवेना. मी जाऊन त्यांचे हात खाली केले. "चला साडू, बस जाईल."

बसथांब्यावर ते घड्याळ बघत म्हणाले, "सात दहाची बस सात चौदाला आली." पण वेळ लिहून ठेवायला डायरी काढली नाही.

त्यानंतर साडू सहा वर्षं जगले. देवळाची पायरी पुन्हा चढले नाहीत, पण मंगळवार चुकवला नाही. रस्त्याच्या पलीकडे पानवाल्याच्या दुकानाशेजारी उभे राहायचे, आतली घंटा वाजली की डोळे मिटायचे, आणि मिटल्या डोळ्यांनी हळूच बेसूर आरती म्हणायचे. पानवाला कन्नडिग, त्याला वाटायचं हे हिशेब पुटपुटतात. आता ती जागा रिकामी असते. मी तिथनं जाताना उगाचच थांबतो.

पण ते नंतरचं. मला सांगायचंय ते सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं. पितृपक्ष लागायच्या आत आईची चोळी बेतायची, ही आमची रीत, आणि पितृपक्ष उद्यावर आला होता. काम माझं राहिलं नव्हतं. कापड कुणी पाठवणार नव्हतं. मी सात वाजता दुकान उघडलं, गुळेदगुड्डचा एक हिरवा खण माझ्या नातीसाठी ठेवलेला होता तो काढला आणि फळीवर पसरला. तेवढ्यात साडू आले, पहिल्या बसनं, माझी वही परत द्यायला, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली. मी वही घेतली, शेवटच्या पानावरचा आकडा पाहिला, त्यात एक सूत मिळवलं आणि खडूनं रेघ मारली. साडूंनी खिशातनं पट्टी काढली. वाकून रेघेवर धरली. बराच वेळ बघितलं. मी कात्री हातात घेऊन उभा, आता हा माणूस नापास म्हणतोय की काय. त्यांनी पट्टीवरचा खडू धोतराला पुसला, पट्टी खिशात ठेवली, आणि कापडाला सुरकुती पडू नये म्हणून खणाचं दुसरं टोक दोन्ही हातांनी ताणून धरलं. मी कात्री चालवली.